हट्टी टाळू

नवरी खुदकन हसली आणि आरसा म्हणाला, "नमस्कार, वृषालीताई."

खोलीत तिघीच होत्या. खुर्चीत बसलेली नवरी ईशानी, कोपऱ्यात गजऱ्यांची परडी मांडीवर घेऊन बसलेली तिची आई, आणि नवरीच्या ओठांना रंग लावता लावता थबकलेली वृषाली चौगुले. आरशानं नमस्कार केला होता तो मात्र वृषालीला नाही, समोर बसलेल्या नवरीला.

"बिघडलाय वाटतं तुमचा आरसा," नवरीची आई म्हणाली.

"नवीन आहे ना, शिकतोय अजून," वृषालीनं हसून वेळ मारून नेली. हसताना तिचा डावा हात सवयीनं तोंडावर गेला होता.

हा आरसा तिनं दिवाळीच्या सुमाराला घेतला होता. सांगलीत नवऱ्या सजवणाऱ्या बायका पुष्कळ, पण असा आरसा तिच्याकडेच पहिला. समोर बसलेल्या बाईच्या कातडीला कुठली छटा खुलेल, हे तो सांगायचा आणि एकदा येऊन गेलेलं गिऱ्हाईक बरोबर ओळखायचा. चेहऱ्यावरून नव्हे. चेहरे बदलणं हाच तर वृषालीचा धंदा. भुवया कोरल्या, रंग चढवला की शहाण्यातल्या शहाण्या यंत्राचीही भंबेरी उडते. म्हणून हा आरसा माणूस ओळखायचा ते हसण्यावरून. दात कुठं संपतात, हिरडी कुठं सुरू होते, हिरडीवर रंगाची नक्षी कशी आहे, यावरून. तिथवर मेकअप पोचत नाही. दोन माणसांची हिरडी सारखी नसते, असं आरसा विकणारा छातीठोकपणे सांगून गेला होता. त्याची परीक्षा बघायला वृषालीनं पार्लरचं दार लावून घेतलं होतं आणि आरशासमोर तोंडभर हसून दाखवलं होतं. आरशाच्या पोटातली पहिली नोंद तिचीच.

"जरा पुन्हा हसा बघू," ती ईशानीला म्हणाली. "उखाणा घ्या ना. तालीम होईल."

ईशानी लाजली, मग म्हणाली, "हळदीच्या पेठेत घमघमतो वास, शंतनुरावांना भरवते पेढ्याचा घास." आणि स्वतःच्याच उखाण्यावर मनापासून हसली. वृषालीनं आरशाला बोट लावून तिचं हसू मोठं करून घेतलं.

वरच्या दातांवरची हिरडी गर्द जांभळी होती. त्या जांभळ्यावर राजगिऱ्याच्या दाण्याएवढे गुलाबी ठिपके होते, दाट, एकाला एक लागून. वृषालीच्या हातातला ब्रश निसटून नवरीच्या शालूवर पडता पडता वाचला.

ही हिरडी तिच्या आजोळची होती. आईची अशी, मावशीची अशी, आणि ती वृषालीकडे आली. हिरडीच काय, टाळूसुद्धा तसाच, जांभळा आणि ठिपक्याठिपक्यांचा. काळ्या हिरड्या आपल्याकडे पुष्कळांच्या असतात, त्याचं कुणाला काही नसतं. पण ठिपक्यांची हिरडी तिनं त्या तिघींपलीकडे कुठं पाहिली नव्हती. शाळेत पोरी विचारायच्या, "काय गं, जांभळं खाऊन आलीस का?" पुढं बघायला आलेल्या एका मुलाकडच्यांनी पोहे संपवून, चहा पिऊन, निरोप धाडला होता की मुलगी चांगली आहे, पण हसली की कसंतरीच दिसतं. त्या दिवसापासून हात तोंडावर गेला तो गेलाच. बावन्नाव्या वर्षीसुद्धा, नवरा दिगंबर हे एक माणूस आणि सुचेता ही एक मैत्रीण सोडून, ती कुणासमोर मोकळ्या तोंडानं हसत नसे.

"छान आहेत तुमच्या हिरड्या," ती ईशानीला म्हणाली. आवाज शक्य तितका सहज ठेवून.

"माझ्या कुठल्या!" ईशानी म्हणाली. "विसाव्या वर्षीच उतरल्या माझ्या. दात असे लांबलचक दिसायचे, गार पाणी प्यायलं तरी मस्तकात कळ जायची. कॉलेजात मी हसायचेच नाही. हसले तर हे असं." आणि तिनं डावा हात तोंडावर धरून दाखवला. "मग 'पल्लव' बसवली."

"नाशिकला मिळते ती," आई कौतुकानं म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या तरी हिरडीपासून वाढवतात म्हणे. एकाच माणसाची, सगळ्यांना चालते. कुणाची ते सांगत नाहीत. रंग जरा वेगळा असतो, पण आता लोक मुद्दाम हसून दाखवतात, पल्लव बसवलीय म्हणून. आणि गंमत सांगू? शोध लावणाऱ्या डॉक्टर तुमच्या सांगलीच्याच, आरवाडे म्हणून. म्हणून आम्ही आधी इथं चौकशी केली, माझं माहेर इथलंच. तर कंपनी म्हणाली, सांगली-मिरज सोडून कुठंही या."

वृषालीनं नवरी सजवून पूर्ण केली. तीस वर्षांचा हात होता, तो आपोआप चालला. कपाळावर चंद्रकोर काढली, मुंडावळ्या बांधल्या, दृष्ट लागू नये म्हणून गालावर तीट लावली. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. सांगली-मिरज सोडून कुठंही.

*

डॉक्टर सुचेता आरवाडे म्हणजे सुच्ची. दोघी एका बाकावर वाढल्या. इतिहासाच्या गोसावीबाई एकदा पानिपतावर बोलता बोलता इतक्या रंगल्या, की त्यांची कवळी तोंडातून उडून खडूच्या डबीत पडली. बाईंनी ती शांतपणे उचलली, झटकली, आणि बोळक्या तोंडानं म्हणाल्या, "शैन्य मागं हटलं नाही!" वर्ग हसून फुटायच्या बेतात आला. वृषाली दोन्ही हातांनी तोंड दाबून गदगदत होती, तेव्हा शेजारच्या सुच्चीनं तिचे हात ओढून खाली घेतले होते. "हात काढ की गं. किती छान हसतेस!" मैत्री तिथं जमली आणि चाळीस वर्षं टिकली. सुच्ची दातांची डॉक्टर झाली, वृषाली ओठ रंगवू लागली. "दात माझे, ओठ हिचे," असं सुचेता चारचौघांत सांगायची.

चार वर्षांपूर्वी वृषालीच्या खालच्या दातांची हिरडी उतरू लागली, तेव्हा ती जाणार कुणाकडे? सुचेतानंच तिला सगळं समजावलं होतं. उतरलेली हिरडी पुन्हा चढत नाही. तिथं नवी बसवावी लागते, आणि तिच्यासाठी चांगला मालमसाला असतो तो माणसाच्या स्वतःच्या टाळूत. टाळूवरून बोटाच्या पेराएवढा पातळ तुकडा सोलून काढायचा आणि उघड्या पडलेल्या दाताच्या मुळावर शिवायचा. टाळू पुन्हा भरून येतो. शिवलेला तुकडा तिथं रुजतो, आणि रुजला तरी आपलं मूळ विसरत नाही. टाळूवर त्याचा जो रंग आणि पोत असेल तोच हिरडीवरही राहतो.

तुकडा छान रुजला. टाळू मात्र, सुचेताच्या म्हणण्याप्रमाणे, भरेना. वर्षाकाठी एकदा ती बोलावून घ्यायची. "भारी हट्टी आहे गं तुझा टाळू. थोडा साफ करावा लागेल." सुई टोचायची, तोंड बधिर व्हायचं, मग आठ-दहा दिवस जीभ वर लागली तरी डोळ्यांत पाणी. पुतण्याच्या लग्नात वृषालीनं जिलेबीकडे नुसतं बघून घेतलं होतं. आणि त्या दिवसांत सुचेता स्वतः डब्यातून गुरगुट्या भात घेऊन यायची, वर तूप, गार करून. समोर बसून खायला लावायची. दिगंबर म्हणायचा, "सख्खी बहीण करणार न्हाई एवढं."

गेल्याच आठवड्यात तिचा फोन आला होता. "शनिवारी ये. हट्टी पुन्हा बघायला पाहिजे."

आपला टाळू आपल्याला दिसत नाही, हीच मेख होती. वृषालीनं पार्लर बंद केलं, बिनचालकाच्या रिक्षाला मिरजेचा पत्ता सांगितला आणि ज्याच्याकडे ती कधी गेली नव्हती अशा एका दातांच्या डॉक्टरसमोर जाऊन तोंड उघडलं.

"टाळूची जखम भरत नाही माझी," ती म्हणाली.

त्या तरुण डॉक्टरनं दिवा फिरवला, बराच वेळ पाहिलं. "जखम कुठंय? उत्तम भरलाय. इतक्या वेळा तुकडा काढूनसुद्धा इतका छान भरलेला टाळू मी पहिल्यांदाच बघतोय."

"इतक्या वेळा?"

"चारदा तरी काढलाय. कडा दिसतात ना एकाशेजारी एक. डाव्या बाजूला एक जागा अजून शाबूत आहे." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तो गोंधळला. "तुम्हाला माहीत असेलच की."

घरी आल्यावर तिनं दिगंबरला सगळं सांगितलं. तो उसाची पट्टी बघून मळ्यातून नुकताच आला होता, पायांना माती तशीच होती. ऐकता ऐकता तो ती नखानं खरवडत राहिला.

"म्हंजे खोडवा झाला की तुझा," तो शेवटी म्हणाला. "लावण एकदा करायची. तोडायचं, पाणी द्यायचं, परत फुटलं की परत तोडायचं. जमीन देतीय तवर तोडायचं."

तो काही मुद्दाम टोचायला बोलला नव्हता, त्याला जे दिसलं ते बोलला. पण वृषालीला त्या शब्दांतून तो गुरगुट्या भात दिसला, वरचं तूप दिसलं, आणि इतक्या वेळ आवरलेलं रडू फुटलं. खोडव्याला पाणी देतातच की.

*

शनिवारी ती गेली. न जाण्याचा विचार केला होता, पण चाळीस वर्षांचा हिशेब फोनवर पुरा होत नसतो.

"ये गं, बस. कशी आहे आमची हट्टी?" सुचेतानं हातमोजे चढवत विचारलं. तिच्या केसांत अलीकडे एक पांढरी बट आली होती. तीन महिन्यांपूर्वी पुण्यात तिचा मोठा सत्कार झाला, तेव्हा ती बट लपवून तिला तयार करून वृषालीनंच पाठवलं होतं. समारंभाला बोलावणं मात्र नव्हतं. पास दोनच मिळाले होते म्हणे. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत पल्लवच्या हिरड्यांचे फोटो होते, सगळे गुलाबी करून छापलेले.

वृषाली खुर्चीत आडवी झाली. दिवा डोळ्यांवर आला.

"सुच्चे," ती म्हणाली, "किती राहिलंय अजून?"

"कशात?"

"माझ्या टाळूत. डाव्या बाजूला एक जागा शाबूत आहे म्हणतात. ती झाली की मग काय करणार आहेस?"

दुसऱ्या कुणी "काय बोलतेस हे?" म्हणून विचारलं असतं. सुचेता तसं म्हणाली नाही. हातातली सुई तिनं ताटलीत ठेवली, आणि तेवढ्यानंच वृषालीची उरलीसुरली आशा संपली. तोवर कुठंतरी तिला वाटत होतं की मिरजेचा डॉक्टर चुकला असेल, आरसा चुकला असेल.

"कुणी सांगितलं?" सुचेतानं विचारलं.

"नाशिकच्या नवरीनं. सांगितलं नाही. हसली."

सुचेता शेजारच्या स्टुलावर बसली. तिचे हातमोज्यातले हात मांडीवर उगाच पडले होते.

"पहिल्यांदा मुद्दाम नव्हतं गं," ती म्हणाली. "तुझी हिरडी शिवून झाल्यावर एक कड उरली होती. एरवी कचऱ्यात जाते. तेव्हा मी बघत होते, एकाचं मांस दुसऱ्याला का चालत नाही ते. ती कड बशीत ठेवली आणि तिच्यावर परक्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी सोडल्या. त्यांनी हल्ला करायला पाहिजे. करतातच. वृषे, त्या तुझ्या तुकड्याजवळ गेल्या आणि बाजूनं निघून गेल्या. तिथं कुणी नसल्यासारख्या."

तिच्या डोळ्यांत अजूनही त्या दिवसाचं आश्चर्य होतं, आणि नेमका त्याचाच वृषालीला राग आला.

गोष्ट आश्चर्याची होतीच. शरीर म्हणजे मोठं संशयी घर. प्रत्येक पेशीच्या दारावर नावाची पाटी असते आणि परकी पाटी दिसली की पहारेकरी तिला फाडून टाकतात. म्हणून मूत्रपिंड जुळवावं लागतं, म्हणून हिरडीला स्वतःचाच टाळू लागतो. आणि सगळं तोंडच उतरलेल्या माणसाला स्वतःचा टाळू पुरत नाही. पाटी काढून टाकली तरी भागत नाही, कारण बिनपाटीच्या घरांवर धावून जाणारे वेगळे पहारेकरी असतात. वृषालीच्या हिरडीच्या आणि टाळूच्या पेशी जन्मतः बिनपाटीच्या होत्या आणि त्या दुसऱ्या पहारेकऱ्यांना "जाऊ दे, घरचंच आहे" असं सांगणारी खूणही त्यांच्यावर होती. निसर्गाच्या हातून अशी चूक लाखात एकदा होते. जिला लोक नाक मुरडत आले ती हिरडी अख्ख्या जगात कुणाच्याही तोंडात रुजू शकत होती. ठिपके घालवायचा सुचेतानं पुष्कळ प्रयत्न केला होता. पण रंगाच्या पेशी काढल्या की बाकीच्याही मान टाकायच्या. त्यांचं एकमेकींवाचून चालत नसे.

"मग विचारलं का नाहीस?" वृषाली म्हणाली. "एक शब्द. 'वृषे, दे' म्हणायचं. मी नाही म्हटलं असतं?"

"नाही," सुचेता म्हणाली. "तू लगेच हो म्हणाली असतीस. तेच."

"म्हणजे?"

"तू हो म्हणाली असतीस आणि गावभर सांगत सुटली असतीस, सुच्चीला माझी हिरडी लागली म्हणून. मग माझं काय राहिलं असतं? आयुष्यभर लोकांचे किडलेले दात कोरले मी. एक गोष्ट हाताला लागली, तीसुद्धा मैत्रिणीच्या तोंडातून पडलेली. मला ती माझी हवी होती." तिनं हातमोजे ओढून काढले. "दुसऱ्या वेळी सांगणार होते. मग वाटलं, पहिल्या वेळचं काय सांगू? तिसऱ्या वेळी तर तोंडच राहिलं नव्हतं."

खरं बोलत होती ती. वृषालीला तिचा खरा आवाज ठाऊक होता. म्हणून तर ते जास्त लागलं. पैशासाठी केलं असतं तर परवडलं असतं, माणसं पैशासाठी काय वाटेल ते करतात असं म्हणून सोडून देता आलं असतं.

"आणि सांगली-मिरज सोडून?"

सुचेतानं मान खाली घातली. "तू बघशील म्हणून."

"मी नवऱ्या सजवते, सुच्चे. लग्नाला माणसं कुठून कुठून येतात. एवढी शिकलीस आणि एवढं सुचलं नाही तुला?" वृषाली उठून बसली. मग तिनं तो प्रश्न विचारला जो विचारायला ती खरी आली होती. "तो भात कशासाठी होता?"

"कसला भात?"

"गुरगुट्या. डब्यातनं आणायचीस तो."

सुचेताचे डोळे भरून आले. "तो खरा होता गं."

असेलही. नसेलही. वृषालीला आता ते कधीच ठरवता येणार नव्हतं, आणि सुचेतानं तिचं खरं नुकसान केलं होतं ते हे. टाळू भरून येतो.

"ऐक," सुचेता घाईनं म्हणाली. "माझं काय व्हायचं ते होऊ दे. पण त्या पेशी म्हाताऱ्या झाल्यात. दर वेळी दुभंगताना थोड्या झिजतात, आता वाढेनाशा झाल्यात. तरुण करायला गेलं की बेफाम सुटतात, आणि तोंडात पेशी बेफाम सुटल्या की त्याला काय म्हणतात तुला ठाऊक आहे. नवा तुकडा नाही मिळाला तर पावसाळ्याच्या आत पल्लव बंद. तोंड धरून बसलेली किती माणसं थांबली आहेत. तुझ्यासारखी दुसरी सापडलेली नाही. एकदाच दे. या वेळी विचारून मागते."

वृषालीनं तिच्याकडे पाहिलं, ताटलीतल्या सुईकडे पाहिलं, आणि तोंड मिटून घेतलं. चप्पल घातली आणि निघाली.

*

पुढचे काही दिवस वाईट गेले. देऊच नये, असं तिला वाटायचं. माझ्या तोंडातलं आहे, माझ्याबरोबर जाईल. आजोळच्या तिघी बायका मान खाली घालून जगल्या, तेव्हा कुठं होतं हे जग? पुतण्याच्या लग्नातली जिलेबीसुद्धा तिला आठवायची आणि नव्यानं संताप यायचा. राग आला की माणूस जिलेबीपर्यंत मागं जातो.

अशात ईशानीनं लग्नातला फोटो पाठवला. ती शंतनुला घास भरवत होती, त्यानं तिचं बोट चावल्याचं नाटक केलं होतं, आणि ती मान मागं टाकून हसत होती. दोन्ही हात खाली. जांभळी हिरडी सगळ्या मांडवाला दिसेल अशी उघडी. खाली लिहिलं होतं, "काकू, असं हसता येतं हेच मला माहीत नव्हतं."

वृषालीनं तो फोटो पुन्हा पुन्हा पाहिला. तिचीच हिरडी होती ती, आणि तिच्या तोंडात असताना एकदाही मांडवात हसली नव्हती.

दिगंबर मळ्याला निघाला होता. तिनं त्याला विचारलं, "खोडवा मोडून टाकावा का हो?"

"जमीन तुझी," तो म्हणाला. "मोडायचा तर मोड, ठेवायचा तर ठेव. पर तोडायला कुणाला बोलवायचं ते तू ठरव."

त्याच आठवड्यात ती मुंबईच्या गाडीत बसली आणि सरकारी दंत महाविद्यालयात गेली. तिथल्या प्राध्यापिकेला तिनं सगळं सांगितलं आणि तोंड उघडायच्या आधी दोन अटी घातल्या. ह्या पेशी कुणा एकाच्या असणार नाहीत. ज्याला वाढवायच्या त्यानं वाढवाव्यात, सुचेताच्या कंपनीनंसुद्धा. आणि कुणाच्या तोंडातून आल्या ते प्रत्येक रुग्णाला सांगायचं, गाव आणि आजोळासकट. प्राध्यापिका आधी चक्रावली, मग हसली. ह्या पेशी म्हाताऱ्या झाल्या की नव्या द्यायला कधी यावं लागेल, कितीदा यावं लागेल, तेही तिनं वृषालीनं विचारायच्या आधीच सांगितलं. वृषालीनं सगळं ऐकून घेतलं आणि हो म्हटलं.

तुकडा निघाला. दोन आठवड्यांत टाळू भरून आला. मुळीच हट्टी नव्हता तो.

*

पावसाळा उलटला तेव्हा ठिपक्यांच्या हिरड्या सांगलीतही दिसू लागल्या होत्या. भाजीवाली हसायची, रिक्षा दुरुस्त करणारा हसायचा. आरसा दिवसातून कैक जणींना "नमस्कार, वृषालीताई" म्हणू लागला, तेव्हा तिनं त्याचा आवाजच बंद करून टाकला. लोक पार्लरमध्ये मुद्दाम बघायला यायचे. "बघू की ताई, मूळची कशी असते," म्हणायचे, आणि एक दिवस एका आजीबाईंसमोर वृषाली चक्क हसली. हात खालीच राहिला. पुढं तो कुणासमोरच वर जाईना. तिलाही नवल वाटलं, इतकी जुनी खोड अशी न सांगता निघून गेली याचं.

नवरात्राच्या आधी एका दुपारी सुचेता आली. दारात जरा घुटमळली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली.

"बट फार दिसायला लागली गं," ती म्हणाली. "काहीतरी कर."

वृषालीनं तिच्या खांद्यांवर कापड टाकलं, वाटीत रंग कालवला. भांडण तिला उकरायचं नव्हतं. ती बटेला रंग लावू लागली. आरशात दोघी होत्या, एक बसलेली, एक उभी.

अर्धी बट रंगवून झाली. मग सुचेतानं ओठ आत ओढले, तोंडाचं बोळकं केलं, आणि आरशाकडे बघत जरबेनं म्हणाली, "शैन्य मागं हटलं नाही!"

गोसावीबाई जशाच्या तशा. खडूची डबी, झटकलेली कवळी, सगळं. वृषालीला आवरेना. पोटातून हसू आलं, खरंखुरं, शाळेतलं.

आणि हसता हसता तिचा डावा हात वर आला आणि तोंडावर बसला.

आरशात दोघींनी तो पाहिला. सुचेताचा हात खुर्चीच्या दांडीवरून थोडा उचलला गेला, पूर्वी एकदा उचलला होता तसा. मग तिनं तो परत खाली ठेवला. वृषालीचं हसू संपलं, हात तसाच राहिला, आणि वाटीतला रंग सुकत गेला.